बेळगावचा कॅम्प गावाच्या पश्चिमेलाच का?

खडेबाजार, गणपत गल्लीच्या गर्दीतून रिक्षा कॅम्पात, म्हणजे इंग्रजांच्या लष्करी छावणीत, शिरली की एकदम रस्ते रुंद होतात, मोठी झाडं लागतात, बंगले एकमेकांपासून लांब लांब. साहेबांची हौस, असं आपण म्हणतो. गोऱ्यांनी आपल्यापासून अंतर ठेवायचा माज त्यात होताच, पण मरणाची भीतीही तितकीच होती.

एप्रिल 1818 मध्ये थॉमस मन्रोनं साधारण तीन आठवडे वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी बंगालात जेसोरकडे कॉलऱ्याची मोठी साथ सुरू झालेली, ती पुढे देशभर आणि मग देशाबाहेरही गेली. मन्रो स्वतः 1827 ला कॉलऱ्यानंच मेला, तेव्हा तो मद्रासचा गव्हर्नर होता. गव्हर्नरची ही कथा, मग बराकीतल्या शिपायाचं काय विचारता! 1863 च्या सरकारी अहवालात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्यूदर हजारी 69 दिलाय, आणि त्यातले बहुतेक लढाईत नाही तर ताप, हगवण आणि कॉलऱ्यात गेले.

तेव्हा डॉक्टर लोकांचं पक्कं मत होतं की रोग घाणीतून, दलदलीतून उठणाऱ्या वाईट हवेनं होतो. म्हणून छावणी उंचावर, उताराच्या जमिनीवर आणि वारा येतो त्या बाजूला वसवायची. आता बेळगावचा नकाशा बघा. पूर्वेला खंदकाचा किल्ला, मधे गाव, पश्चिमेला कॅम्प. पावसाळ्यात घाटाकडून येणारा वारा आधी कॅम्पाला लागतो आणि मग गावात येतो, साहेबाला ताजी हवा आणि आपल्याला त्याची उष्टी. थंडीत वारा उलटा फिरतो तेव्हा या हिशोबाचं काय करायचे कुणास ठाऊक. बंगल्यांची उंच जोती, उंच छत, भोवतीचा व्हरांडा, हे सगळं त्याच हवेच्या शास्त्रातलं.

शास्त्र मात्र चुकीचं निघालं. 1884 मध्ये रॉबर्ट कॉखनं कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू तलावाच्या पाण्यात दाखवला आणि 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. हवेचा काही संबंधच नाही!

तरी लांब लांब घरं बांधण्याचा फायदा होत असणार, आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. खाली काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि वर बऱ्याच ठिकाणी तांबडा जांभा. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पाऊस पडला की पाणी त्यातून झिरपत खाली जातं, कातळावर अडतं आणि विहिरी भरतात. झकास. पण संडासाच्या खड्ड्यातलं पाणीपण त्याच वाटेनं जातं ना! बारीक मातीतून पाणी हळू सरकतं, जंतू अडकतात, मरतात, जांभ्याच्या भोकांतून मात्र ते भराभर पुढे जातं आणि तेवढा वेळच मिळत नाही. गल्लीत भिंतीला भिंत, विहिरीशेजारी खड्डा. कॅम्पात एका बंगल्याला भलंमोठं आवार, शिवाय जमिनीचा उतार साधारण पूर्वेला, बळ्ळारी नाल्याकडे, त्यामुळे गावातलं घाण पाणी जमिनीखालून चढून कॅम्पात जाणं अवघडच.

पण निव्वळ अंतरानं कॉलरा थांबत नाही. दूधवाला, धोबी, भिश्ती, खानसामा रोज जा-ये करणार, छावणीला लागून सदर बाजार असणारच, आणि जंतू हातावरून, घागरीतून आरामात आत. डासाला तर साचलेलं पाणी मिळालं की झालं, ते गावचं की छावणीचं हे तो कशाला बघतोय.

आता राकसकोप धरणाचं पाणी नळाला येतं, पण उन्हाळ्यात टंचाई झाली की जुन्या विहिरी उपसायचं निघतंच. जरूर उपसाव्यात. फक्त जवळपास सेप्टिक टँक कुठे कुठे आहेत ते आधी बघा, जांभ्यात नेहमीपेक्षा जास्त अंतर लागतं, आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी प्यायचं असेल तर उकळूनच.