बाहेरची स्कॉलरशिप आली की कॉलेजची ग्रँट का कमी होते, त्यामागचा इतिहास

माझी भाची न्यू जर्सीत वाढलीय. गेल्या वर्षी बारावीत असताना तिला टाऊनमधल्या एका क्लबची २००० डॉलरची स्कॉलरशिप मिळाली, घरात पेढे वाटून झाले, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या तिच्या खाजगी कॉलेजचं नवीन अवॉर्ड लेटर, म्हणजे किती आणि कसली मदत मिळणार ते सांगणारं पत्र, आलं. कॉलेजची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, बरोब्बर २००० ने कमी. लोन ५५०० होतं ते ५५००च, आईबाबांनी भरायची रक्कमही तीच. "मामा, मग मी एवढे निबंध लिहिले कशाला?" असं तिने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून हे सगळं खोदून वाचायला घेतलं. याला तिकडे स्कॉलरशिप डिस्प्लेसमेंट म्हणतात.

गंमत बघा, अमेरिकेतली कॉलेज स्कॉलरशिप सुरूच झाली ती बाहेरच्या पैशातून. १६४३ मध्ये लंडनच्या लेडी मौल्सन यांनी हार्वर्डला गरीब विद्यार्थ्यासाठी १०० पौंड दिले. पुढची तीनशे वर्षं कारभार असाच, कुणी दाता पैसे देणार आणि कॉलेज आपल्या मर्जीने वाटणार.

खरा बदल दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९४४ च्या जीआय बिलामुळे, म्हणजे परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या कायद्यामुळे, सैनिक कॉलेजात आले, गर्दी वाढली, आणि हुशार पोरं आपल्याकडे यावीत म्हणून कॉलेजं एकमेकांवर बोली लावायला लागली, म्हणजे ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाही स्कॉलरशिप आणि ज्याला खरी गरज त्याच्यासाठी काही उरत नाही. हार्वर्डच्या जॉन मन्रो यांनी यावर एक हिशोब मांडला, कुटुंबाची मिळकत बघून ते किती भरू शकतं ते काढायचं आणि कॉलेजच्या खर्चातून ते वजा करून उरलेली ती गरज. (हेच मन्रो १९६७ मध्ये हार्वर्डचं डीनपद सोडून अलाबामातल्या माइल्स या छोट्या कृष्णवर्णीय कॉलेजात शिकवायला गेले, त्यामुळे त्यांच्या हेतूबद्दल मला तरी शंका नाही.) १९५४ मध्ये कॉलेज बोर्ड या कॉलेजांच्या संघटनेने कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस काढली आणि असा हिशोब बऱ्याच कॉलेजांत एकसारखा व्हायला लागला. पण घोडं इथेच पेंड खातं. गरज हा एकदा ठरलेला आकडा झाला की बाहेरून आलेला प्रत्येक डॉलर त्यातून वजा होणार. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, नॅशनल मेरिट स्कॉलरशिप सुरू झाली, म्हणजे बाहेरचा पैसा वाढायला लागला तो नेमका याच काळात.

१९५८ पासून आयव्ही लीगची (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे जुन्या नामांकित संस्थांच्या गटाची) आठ कॉलेजं आणि एमआयटी दरवर्षी एकत्र बसून, एकाच मुलाला दोन-तीन ठिकाणी प्रवेश मिळाला असेल तर त्याचं कुटुंब किती भरेल ते मिळून ठरवायची. १९९१ मध्ये सरकारने हे संगनमत आहे म्हणत त्यांना कोर्टात खेचलं, आयव्हीवाल्यांनी तडजोड केली, एमआयटी लढली आणि १९९३ मध्ये तिचंही सेटलमेंट झालं. बैठका बंद झाल्या, हिशोबाची पद्धत मात्र राहिली.

सरकारी पैसा यात मोठ्या प्रमाणावर आला तो १९६५ च्या हायर एज्युकेशन ॲक्टने. १९७२ मध्ये आलेल्या, कमी उत्पन्नाच्या मुलांसाठीच्या सरकारी बेसिक ग्रँटला १९८० मध्ये सिनेटर क्लेबोर्न पेल यांचं नाव मिळालं, तीच पेल ग्रँट. सरकारचा नियम असा की गरजेवर आधारलेली सरकारी मदत आणि बाकीचे पैसे मिळून गरजेच्या वर जाता कामा नयेत, आणि वर्क-स्टडीसारख्या (शिकताना काम करून कमवायच्या) कॅम्पसवरच्या स्कीममध्ये जेमतेम ३०० डॉलरची सूट. आता नीट लक्ष द्या, कारण इथेच लोकांची दिशाभूल होते. ऑफिसात विचारलं की "फेडरल रूल आहे" म्हणतात, पण बाहेरच्या स्कॉलरशिपमुळे पेल ग्रँट सहसा कमी होत नाही, आणि बेरीज गरजेच्या वर गेली तरी कॉलेजने आधी लोन आणि वर्क-स्टडी कमी करावं की स्वतःची ग्रँट, हे बहुतेक वेळा कॉलेजच ठरवतं! कॉलेजने स्वतःची ग्रँट कापली तर क्लबने मुलीला दिलेले २००० शेवटी कॉलेजच्याच तिजोरीत उरतात, आणि मला याचाच राग येतो. पुण्या-नागपूरहून बी.एस. करायला जाणाऱ्यांना तर सरकारी मदत लागूच नाही, तिथे सगळा खेळ कॉलेजच्या पॉलिसीचा.

२००१ मध्ये प्रिन्स्टनने पॅकेजमधून लोन काढून टाकलं, नंतर इतरांनीही. चांगलंच झालं, पण त्यामुळे बाहेरच्या पैशाने कमी करण्यासारखं विद्यार्थ्याच्या कामाच्या कमाईशिवाय फारसं उरलं नाही, मग कात्री ग्रँटकडे वळते.

दात्यांनाही हे खुपत होतंच. बाल्टिमोरच्या सेंट्रल स्कॉलरशिप या संस्थेने लावून धरल्यावर मेरीलँडने २०१७ मध्ये देशातला पहिला कायदा केला, सरकारी कॉलेजांनी एकूण मदत गरजेच्या वर गेल्याशिवाय स्वतःची ग्रँट कापायची नाही. मग २०२१ मध्ये न्यू जर्सी, २०२२ मध्ये वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाचा कायदा पेल किंवा ड्रीम ॲक्टच्या (कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरित मुलांसाठीच्या राज्य कायद्याच्या) मदतीला पात्र असणाऱ्या मुलांपुरता आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी अजून कॉलेजची मर्जी.

भाचीचं कॉलेज यातल्या कुठल्याच राज्यात नव्हतं. तिने ऑफिसला साधा ईमेल केला, की ही रक्कम ग्रँटऐवजी लोनमधून वजा कराल का, आणि क्लबचं पत्र जोडलं. तीन आठवड्यांनी तिसरं लेटर आलं, ग्रँट पुन्हा पहिल्याएवढी आणि लोन ३५००.