एकाच शब्दाचे दोन ठसे

एकाच मराठी मजकुरावर दोघांनी काम केलं, की गिटमध्ये, म्हणजे फाईलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, कधीकधी कोड्यात टाकणारा प्रकार दिसतो. एक ओळ बदलली आहे, असं गिट सांगतं. जुनी ओळ लाल रंगात, नवी हिरव्या. कितीही निरखून पाहिलं तरी दोन्ही सारख्याच! माझ्याकडे हा घोळ ‘दुसऱ्या’ या शब्दाने घातला. त्याचं कारण शोधताना लक्षात आलं, की वेब डेव्हलपर दिवसभर वापरतो त्यातली कितीतरी अवजारं एकाच कल्पनेवर उभी आहेत.

आधी तो शब्द. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. एखादा कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेतो, त्याला हलन्त जोडतो आणि पुढे ‘य’ ठेवतो. दुसरा कीबोर्ड साधा ‘र’ घेतो, हलन्त देतो आणि मध्ये ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह घालतो. अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे तेच जोडाक्षर एकीकडे ९ बाइटचं आणि दुसरीकडे १२ बाइटचं. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, म्हणून आपल्याला फरक दिसत नाही. गिटला चित्राशी काही देणंघेणं नाही. ते बाइट पाहतं आणि त्यांचा ठसा काढतं.

या ठशाला हॅश म्हणतात. गिटने सुरुवातीपासून वापरलेली पद्धत शा-१. आत एक अक्षर घाला किंवा अख्खा ग्रंथ, बाहेर १६० बिटच येतात. ते ४० चिन्हांत लिहिले जातात. आतला एक स्वल्पविराम बदलला तरी साधारण निम्मे बिट उलटतात. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही, पण मजकूर तोच असेल तर ठसाही दरवेळी तोच येतो.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेली बिटकीपर ही प्रणाली फुकट मिळणं बंद होत होतं. गिटमध्ये मजकुराचा ठसा हेच त्याचं नाव असतं. प्रत्येक फाईलच्या मजकुराचा एक ठसा. फोल्डर म्हणजे फाईलींची नावं आणि त्यांचे ठसे यांची यादी. त्या यादीचाही ठसा. कमिट म्हणजे बदल पक्का केल्याची नोंद. तिच्यात सर्वांत वरच्या फोल्डरचा ठसा, कुणी आणि केव्हा केलं याची नोंद, संदेश आणि आधीच्या कमिटचा ठसा. या सगळ्याचा पुन्हा एक ठसा, तोच कमिटचा क्रमांक. म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या फाईलमधलं एक अक्षर कुणी गुपचूप बदललं, तर तिथपासून आजपर्यंतच्या सगळ्या कमिटांचे क्रमांक बदलतील. पुण्यातल्या आणि टोरांटोतल्या दोन संगणकांवर शेवटच्या कमिटची ४० चिन्हं जुळली, की मागचा सारा इतिहास जुळला. इतक्या थोड्या जागेत एवढी खात्री मावते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

गिट फक्त फरक साठवतं, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्येक कमिट हे खरं तर पूर्ण चित्र असतं. न बदललेल्या फाईलचा ठसा तोच राहतो, म्हणून ती पुन्हा ठेवावी लागत नाही. जागा वाचवण्यासाठीची आवळाआवळ नंतर होते. शा-१ वापरणाऱ्या जगातल्या कुठल्याही गिटमध्ये रिकाम्या फाईलचं नाव एकच आहे, ‘ई६९डीई२९’ने सुरू होणारं.

पण दोन वेगळ्या फाईलींचा ठसा सारखा आला तर? फेब्रुवारी २०१७मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांच्या संशोधकांनी शा-१ ठसा एकच असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाईली तयार करून दाखवल्या. त्यासाठी शा-१ची आकडेमोड ९ वर १८ शून्यं इतक्या वेळा करावी लागली. गिटने त्याच वर्षी असा हल्ला ओळखणारी शा-१ स्वीकारली आणि २०२०मध्ये शा-२५६चा प्रायोगिक पर्यायही आणला.

हीच कल्पना ब्राउझरच्या कॅशमध्येही, म्हणजे एकदा उतरवलेल्या फाईलींच्या साठ्यातही भेटते. साइटचे रंगरूप ठरवणारी नवी स्टाइलशीट चढवली, पण ग्राहकाला जुनाच रंग दिसतो, हा त्रास प्रत्येकाने सोसलेला असतो. व्हीट (Vite) किंवा वेबपॅक ही साइटच्या फाईली बांधणारी अवजारं फाईलच्या नावातच ठशाचा तुकडा घालू शकतात. मजकूर बदलला की नाव बदलतं आणि ब्राउझरला नवी फाईल आणावीच लागते. नाव तेच असेल, तर तो जुनी प्रत वर्षभर खुशाल वापरू शकतो.

एनपीएम हे जावास्क्रिप्टची पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, उतरवणारं अवजार. त्याच्या पॅकेज-लॉक फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजपुढे लांबलचक अगम्य अक्षरं असतात, तोही शा-५१२चा ठसाच. उतरवलेलं पॅकेज त्याच्याशी जुळलं नाही, तर एनपीएम काम थांबवतं. दोघांचे बदल एकत्र करताना (मर्जमध्ये) गुंता झाला म्हणून ही फाईल पुसून नवी बनवण्याची सवय मला धोक्याची वाटते, कारण तिच्याबरोबर आपण तपासलेल्या आवृत्त्यांची नोंदही जाते. मात्र ठसा सांगतो ते एवढंच, की माल तोच आहे. तो चांगला आहे असं नाही. २०१८मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजचा कारभार नव्या माणसाकडे गेला आणि त्यात बिटकॉइन चोरणारा कोड शिरला. तो रीतसर प्रकाशित झाला होता, त्यामुळे त्याचा ठसा अगदी बरोबर जुळत होता. जुन्या आवृत्तीला लॉक असलेले प्रकल्प मात्र त्यातून वाचले.

आता पुन्हा ‘दुसऱ्या’कडे. जावास्क्रिप्टमधलं नॉर्मलाइझ हे फंक्शन ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) अशी जोडी असेल तर तिचा ‘ऱ’ करतं. पण जॉइनर असलेल्या रूपाला ते हात लावत नाही, कारण युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या लेखी ती वेगळीच अक्षरं आहेत. त्यामुळे मराठी साइटवर शोधाची सोय करताना ‘र, हलन्त, जॉइनर’ ही माळ दिसली, की तिच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घालणारी एक ओळ आपणच लिहावी लागते. मजकूर साठवताना आणि वाचकाने टाइप केलेला शब्द शोधताना, अशी दोन्हीकडे. माझ्या प्रकल्पात ती घातली आणि ‘दुसऱ्या’ शोधल्यावर तोवर हाती न लागलेले लेख यादीत आले.