सापाची पेटी : आधी धुवा, मग औषध मारा

"पेटीला वास येतोय, काय मारू?" असं आमचे बरेच ग्राहक विचारतात. बाटली नेल्यावर तेच परत विचारतात, "तुमच्या जंतुनाशकाला वासच नाही, मग ते चालतं का?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून हे पत्रक.

रोजचं काम तुम्हाला माहीत आहेच. विष्ठा दिसली की उचलायची, भोवतालचा ओला सबस्ट्रेट, म्हणजे तळाला अंथरलेला भुसा, सढळ हाताने काढायचा, पाणी बदलायचं. भांडं मात्र नुसतं विसळू नका. आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर घासायला उशीरच झालाय.

गडबड होते ती अख्खी पेटी रिकामी करताना. भुसा काढला, जंतुनाशक फवारलं, लगेच फडक्याने पुसलं की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात औषध फुकट जातं. तळाला घाण चिकटलेली असेल तर ब्लीचसारखं औषध त्या घाणीवरच खर्ची पडतं, खालच्या जंतूंपर्यंत पोचत नाही. पोचलं तरी जंतू मरायला वेळ द्यावा लागतो, आणि पुसून घेतलं की तो मिळत नाही.

म्हणून आधी कोमट पाणी, साबण आणि ब्रश. कोपऱ्यातला पांढरा, खडूसारखा थर म्हणजे वाळलेलं युरेट, सापाच्या लघवीतला घट्ट भाग. ते सुरीने खरवडू नका, चरे पडतात आणि पुढची घाण त्यातच बसते. ओलं फडकं त्यावर थोडा वेळ ठेवा, मऊ होऊन निघतं. साबण पूर्ण धुवून काढा. त्यानंतर औषध मारा आणि पृष्ठभाग १० मिनिटं ओलाच राहू द्या. घरातलं साधं ब्लीच वापरत असाल तर १ भागाला ३० भाग पाणी, तेही त्याच दिवशी कालवलेलं. त्यात ॲसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवटी भरपूर पाण्याने धुवून खडखडीत वाळवा. हे सगळं होईपर्यंत साप दुसऱ्या, हवेशीर डब्यात.

आता वासाचं. फिनेल आणि तशा फिनॉल असलेल्या क्लीनरना आमचा ठाम नकार आहे. सापांना ते घातक ठरतात. साप दिवसभर त्याच तळावर पोट टेकून पडलेला असतो. देवदाराचा सुवासिक भुसाही त्याच कारणाने नको. शिवाय पेटीला वास येणं ही तुम्हाला मिळणारी सूचना आहे. सुगंधाने ती दाबली की सांध्यात मुरलेली घाण कळणार कशी? म्हणून आम्ही मुद्दाम बिनवासाचं औषध ठेवतो.

अतिउत्साहही नको. साप जिभेने वास टिपून आपली जागा ओळखतो. दोन्ही लपण्याच्या जागा एकाच दिवशी घासल्या तर तो बिथरतो, कधी खाणंही टाळतो. एक आज, दुसरी पुढच्या खेपेला. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात जवळ आली असेल, किंवा खाऊन ४८ तास झाले नसतील, तर मोठी सफाई पुढे ढकला.

दमटपणासाठी अख्ख्या भुशावर पाणी शिंपडू नका, त्याला बुरशी येते. ओलं मॉस भरलेला झाकणाचा डबा पुरतो. पोटाखालच्या खवल्यांवर लाली किंवा फोड दिसले तर सफाईवर भागवू नका, सरळ पशुवैद्य गाठा. पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके दिसले तर बहुधा माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी. त्यांचा उपाय वेगळा, आधी आम्हाला विचारा.

ब्रश आणि बादली वेगळी ठेवा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काहीही धुवू नका, नंतर हात साबणाने. सापाच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. लहान मुलांना या कामापासून लांब ठेवा.

आमच्या पेट्यांचा तळ सुटा ट्रे म्हणून येतो, तो याचसाठी. जादा ट्रे घेतलात तर एक वाळेपर्यंत दुसरा बसवता येतो. हो, आम्हाला तो विकायचाच आहे. पण घाईत ओल्या पेटीत साप परत सोडला जातो, ते त्याने नक्की टळतं.

दुरुस्तीला पेटी धुवून, वाळवूनच आणा. न धुतलेली आम्ही घेत नाही. काहींना हे जाचक वाटतं, पण एका पेटीतले माइट्स शेजारच्या पेटीत चालत जातात आणि ती पेटी दुसऱ्या ग्राहकाची असते. ट्रे मागवताना पेटीच्या मागच्या बाजूला चिकटवलेला मापाचा क्रमांक कळवा.