एका युनिटला किती वाफ? पहिल्या टर्बाइनांच्या चाचण्यांची पार्श्वभूमी

१८८४ साली इंग्लंडच्या ईशान्य भागात चार्ल्स पार्सन्स या संशोधकाने तयार केलेले वाफेचे टर्बाइन जेमतेम साडेसात किलोवॉटचे होते आणि मिनिटाला १८,००० फेरे घेत होते. वेगाचे कौतुक झाले, पण ते ‘वाफखाऊ’ म्हणूनच ओळखले गेले. वापरलेली वाफ थेट हवेत सोडली जाई आणि तिच्यातली बरीच ताकद वाया जाई.

कलाटणी मिळाली ती केंब्रिजच्या वीजकेंद्रासाठी १८९१ मध्ये बनवलेल्या १०० किलोवॉटच्या यंत्राने. आधीच्या कंपनीतली भागीदारी सोडताना पार्सन्स यांना मूळ पेटंटवर पाणी सोडावे लागले होते, म्हणून यात वाफ अक्षाच्या दिशेने न वाहता केंद्राकडून परिघाकडे जाई. पण खरा फरक पडला कंडेन्सरमुळे, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या आणि त्यामुळे बाहेर पडणाऱ्या वाफेचा दाब खाली आणणाऱ्या भांड्यामुळे. कमी दाबाची वाफ प्रचंड फुगते. तेवढी जागा दट्ट्याच्या इंजिनाला परवडत नाही, टर्बाइनला परवडते. विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने चाचणी घेतली तेव्हा एका किलोवॉट-तासाला, म्हणजे विजेच्या एका युनिटला, साडेबारा किलोच्या आसपास वाफ लागली. म्हणजे उष्णतेचा सुमारे दहावा हिस्सा विजेत उतरला. चांगल्या दट्ट्याच्या इंजिनांशी ही बरोबरी होती.

बरोबरी, पण कोणत्या मापाने? दट्ट्याच्या इंजिनाची शक्ती सिलिंडरमधल्या दाबाच्या आलेखावरून काढत. त्या ‘इंडिकेटेड’ अश्वशक्तीतून घर्षणाची वजावट झालेली नसे. टर्बाइनला सिलिंडरच नाही, त्यामुळे असा आलेखही नाही. तिथे मोजली जाई ती डायनॅमोतून बाहेर पडलेली वीज, म्हणजे बेअरिंग आणि डायनॅमोची तूट आधीच सोसलेली. दोन्ही आकडे शेजारी मांडले की टर्बाइनवर अन्याय होतो, आणि त्या काळी ते सर्रास तसेच मांडले गेले. रूपांतर करायचे तर इंजिन आणि डायनॅमोची तूट गृहीत धरावी लागे. गृहीतक बदलले की विजेताही बदलू शके. जहाजावर तर डायनॅमोचाही आधार नव्हता. १८९७ मध्ये टर्बाइनवर चालणाऱ्या ‘टर्बिनिया’ या जहाजाने ३४ नॉट (ताशी सुमारे ६३ किमी) वेग गाठला, तरी तिच्या अश्वशक्तीचा आकडा अंदाजाचाच होता. शाफ्टला पडणारा पीळ मोजणारी उपकरणे जहाजांवर पुढच्या दशकात रुळली. माझ्या मते टर्बाइनच्या स्वीकाराला लागलेल्या विलंबात यंत्रातल्या दोषांइतकाच या मापाच्या गोंधळाचाही हात होता.

१९०० च्या सुरुवातीला जर्मनीतल्या एल्बरफेल्डसाठी बनवलेल्या हजार किलोवॉटच्या यंत्राची चाचणी झाली. एका युनिटमागचा वाफेचा खप बराच खाली आला होता. मोठ्या वीजकेंद्रांत दट्ट्याच्या इंजिनाची सद्दी त्यानंतर फार टिकली नाही.

दाब आणि तापमान वाढत गेले तसा किलोंचा हिशेबही अपुरा पडला, कारण सगळ्या वाफेत सारखी उष्णता नसते. आज कोराडी-चंद्रपूरसारख्या केंद्रांत ‘हीट रेट’ पाहतात, म्हणजे एका युनिटमागे किती किलोकॅलरी खर्ची पडल्या. तूटच नसती तर ८६० पुरल्या असत्या. मात्र तो आकडा जनित्राच्या टोकाला काढलेला आहे की केंद्राचे पंप-पंखे चालवून उरलेल्या विजेवर, हे आधी विचारावे लागते.