देवाकडे मागणं : केव्हा आणि किती वेळा?

अंगारकीला पुण्यातल्या गणपतीच्या देवळांसमोर पहाटेपासून रांगा लागतात. दर महिन्याची संकष्टी नेमाने धरणारे त्यात असतात, तसेच परीक्षा, ऑपरेशन किंवा नोकरीची मुलाखत तोंडावर आली म्हणून आलेलेही असतात. या दुसऱ्यांना बहुतेक वेळा घरातूनच ऐकावं लागतं, 'कामापुरता बरा देव आठवतो!' हा टोमणा मला अन्यायाचा वाटतो. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यात पहिला मान आर्ताचा, अडचणीत सापडून हाक मारणाऱ्याचा आहे. ज्ञानी भक्ताला सगळ्यांत वर बसवलं आहे हे खरं. पण उदार मात्र चौघांनाही म्हटलं आहे.

वेळेचं बंधन त्याहून जुनं. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी त्रिकाळ संध्या, आणि तिच्यातल्या गायत्रीत मागणं एकच : आमच्या बुद्धीला प्रेरणा दे. मागणं सुंदर आहे, पण ते करण्याचा अधिकार मुंज झालेल्या पुरुषांपुरताच राहिला. बायका आणि बहुसंख्य समाज बाहेरच.

ही कोंडी फोडली वारकऱ्यांनी. आळंदीला १२९६ साली समाधी घेतलेल्या ज्ञानेश्वरांच्या हरिपाठात सरळ म्हटलं आहे, 'काळ वेळ नाम उच्चारितां नाहीं'. देवाच्या दारात क्षणभर उभं राहिलं तरी पुरे, हेही तिथलंच. जनाबाईंनी तर दळण-कांडण चालू असतानाच विठ्ठलाला गायलं. जात्यावर बसलेल्या बाईला हात धुऊन, सोवळं नेसून, मुहूर्त बघून देवाशी बोलायची गरज उरली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. 'केव्हा' आणि 'किती वेळा' हे प्रश्न तिथे सुटले. पुढचा वाद राहिला तो 'काय मागायचं' याचा.

तो वाद देहूच्या तुकोबांनी घातला. नवसाने मुलं होत असतील तर नवरा कशाला करायचा, असं त्यांनी रोखठोक विचारलं. त्यांचा राग होता देवाशी केलेल्या सौद्यावर, मागण्यावर नव्हे. ते स्वतः देवाकडे हट्टाने मागत, 'हेंचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा'. धन नको, मुक्तीही नको, संतांची संगत दे. त्याच शतकातल्या रामदासांच्या करुणाष्टकांची सुरुवातच 'अनुदिनि', म्हणजे रोज, या शब्दाने होते. त्यांच्या नावावर असलेली 'सुखकर्ता दुःखहर्ता' ही आरती गणेशोत्सवात घरोघरी सकाळ-संध्याकाळ म्हटली जाते. तिच्या शेवटी 'संकटी पावावें, निर्वाणी रक्षावें' असं मागणं आहे. घरात सगळं ठीक असतानाही पुढच्या संकटासाठी आधीच हात जोडून ठेवायचे, ही सवय आपल्या मुलांना टाळ्या वाजवता यायला लागल्यापासून लागते.

पुण्यात इतर रीतीही शेजारीच नांदल्या. लष्कर भागातल्या मशिदींत पाच वेळांची नमाज, लाल देवळात ज्यूंची प्रार्थना, चर्चमध्ये 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे'. भाकर आजच्यापुरतीच मागायची म्हटल्यावर उद्या पुन्हा मागणं आलंच.

एकोणिसाव्या शतकात प्रार्थना समाजाने आणखी एक वळण दिलं. १८६७ साली मुंबईत सुरू झालेला हा समाज थोड्याच वर्षांत पुण्यात आला. न्यायमूर्ती रानडे १८७१ मध्ये इथे बदलून आल्यावर त्याला मोठा आधार मिळाला. मूर्ती नाही, नवस नाही, दर आठवड्याला एकत्र बसून उपासना. नव्या शिक्षणातून आलेल्या या मंडळींनी प्रार्थनेचे शब्द मात्र परके घेतले नाहीत. तुकोबांचे अभंगच त्यांच्या उपासनेत आणि प्रवचनांत आले. रानडे घरीही पहाटे उठून ते अभंग म्हणत, असं त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत आहे. आठवड्याची सामुदायिक उपासना आणि रोजची एकट्याची, दोन्ही त्यांनी सांभाळल्या.