पानावरचा किडा खरा केवढा? मॅक्रो फोटोंमागची मोजमापाची गोष्ट

पानांचा रस शोषणारा मावा असतो एक ते तीन मिलिमीटर लांब. लाल कोळी त्याहून कितीतरी बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. पण दोघांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठे करून काढलेले, फोटो शेजारीशेजारी ठेवले, तर कोण मोठा आणि कोण लहान हे शेतात जन्म गेलेला माणूसही छातीठोकपणे सांगणार नाही. दोघेही स्क्रीनभर पसरलेले, मागचे हिरवे विरघळलेले, पानाची शीर दिसलीच तर तीही धूसर. नजरेला तुलनेसाठी काही उरतच नाही. फोटो जितका देखणा तितका तो आकाराबाबत मुका, असा हा प्रकार आहे. आणि ही अडचण कॅमेऱ्याहून बरीच जुनी आहे.

आपल्याकडे तर मोजायचे जीवच कधीकाळी माप झाले होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या कोष्टकात आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव आणि आठ जवांचे एक अंगुळ. अंगुळ साधारण पावणेदोन ते दोन सेंटिमीटरचे धरले, तर ऊ भरते जेमतेम ०.३ मिलिमीटर. डोक्यातली खरी ऊ दोन-तीन मिलिमीटरची असते. तेव्हा कोणी ऊ पकडून मोजली होती असे मला तरी वाटत नाही. आठाने भागत खाली जाताना प्रत्येक पायरीला नाव हवे होते. डोळ्याला दिसणाऱ्या सगळ्यांत बारीक गोष्टींची नावे त्या पायऱ्यांना मिळाली.

खरी मोजणी सुरू झाली भिंगानंतर. लंडनमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ मध्ये निघाला. त्यातले पिसवेचे चित्र आजही पाहणाऱ्याला दचकवते: घडी उलगडली की सुमारे १८ इंच लांब, अंगावर चिलखतासारखे पट्टे. मूळ पिसू दोन-तीन मिलिमीटरची. लोकांना चित्र आठवते, पण मला हुकची मोजायची युक्ती जास्त आवडते. एक डोळा सूक्ष्मदर्शकाला, दुसरा उघडा. उघड्या डोळ्यासमोर, तेवढ्याच अंतरावर, इंचांच्या खुणा केलेली पट्टी. दोन्ही डोळ्यांतली दृश्ये एकमेकांवर पडली की मोठा दिसणारा किडा जणू पट्टीवरच उतरतो, आणि तो किती इंचांचा ‘दिसतो’ हे वाचता येते. त्याला खऱ्या लांबीने भागले की किती पट मोठा दिसतो ते कळले. डोळ्यांना त्रास देणारी, पण बिनखर्चाची रीत.

हॉलंडमधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि भिंगातून सूक्ष्म जीव पाहणारा लेव्हेनहुक वेगळ्या वाटेने गेला. त्याच्या पत्रांत मापे येतात ती वाळूचा कण, केस, उवेचा डोळा अशी. त्याला स्वतःला त्या वाळूची कल्पना होती. वाचणाऱ्याच्या गावची वाळू वेगळी असली तर काय? यावर इंग्लंडमधले डॉक्टर जेम्स ज्युरिन यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उपाय काढला, आणि तो इतका साधा आहे की आजही घरी करता येईल. चांदीची अतिबारीक तार टाचणीभोवती वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळायची. एका इंचात किती वेढे बसले ते मोजायचे. इंचाला त्या संख्येने भागले की तारेची जाडी मिळते. मग तारेचे तुकडे करून भिंगाखाली वस्तूशेजारी पसरायचे. आता ‘वाळूच्या कणाएवढा’ म्हणायची गरज उरली नाही. जाडी माहीत असलेली वस्तू त्याच दृश्यात, त्याच अंतरावर आली. आजची स्केलबार, म्हणजे फोटोवर दिलेली मापाची रेघ, याच तारेचा वंशज.

पुढे कीटकांची चित्रे काढणाऱ्यांनी मोठ्या केलेल्या किड्याशेजारी एक बारीक रेघ द्यायला सुरुवात केली, खऱ्या लांबीची. काही जण चित्राखाली ‘दहा पट’ असे लिहीत. दुसऱ्या पद्धतीत मेख होती: छापताना चित्र लहानमोठे झाले की ‘दहा पट’ खोटे ठरते. पहिल्या पद्धतीतही रेघ चित्राबरोबर आक्रसली तर फसगत होतेच. चित्राच्याच मापात काढलेली आणि ‘१ मिलिमीटर’ असे लिहिलेली रेघ मात्र चित्राबरोबर फुगते, चित्राबरोबर आक्रसते आणि खरीच राहते.

फोटोग्राफीने यात सोय आणली तशी गैरसोयही. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४० च्या सुमारास सौर (सूर्यप्रकाश वापरणाऱ्या) सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांचे फोटो काढले, म्हणजे छायाचित्रण आणि किडे यांची गाठ अगदी जन्मापासूनची. चित्रकार आठवणीने रेघ काढायचा. कॅमेरा समोर असेल तेवढेच टिपतो. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बागेतल्या किड्यांचे राक्षसी दिसणारे फोटो काढले, तेही कित्येक फूट लांब भाता लावलेल्या कॅमेऱ्याने. लांबीमागे साधे गणित होते. ५० मिलिमीटरची लेन्स फिल्मपासून आणखी ५० मिलिमीटर पुढे सरकवली की प्रतिमा वस्तूएवढीच पडते, त्याहून पुढे नेली की मोठी. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी, म्हणजे एक्स्टेंशन ट्यूब, आजही हेच काम करते.

३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठीची मॅक्रो लेन्स म्हणून किलफिट कंपनीची माक्रो-किलार १९५५ मध्ये आली. पुढच्याच वर्षी निकॉनने आपली मायक्रो-निक्कोर काढली, आणि तिच्यामागे किडे नव्हतेच. जपानी कागदपत्रांची मायक्रोफिल्म करताना दाट रेघांची कांजी अक्षरे नीट उमटत नव्हती, ती अडचण सोडवायला ती बनली. फुलपाखरे टिपणाऱ्यांचे नशीब असे दप्तरखान्यात उघडले.

फिल्मच्या काळातली एक गंमत आता विसरली गेली आहे. १:१ वर, म्हणजे प्रतिमा वस्तूएवढीच पडेल अशी, काढलेली स्लाइड (पारदर्शक फिल्मचा तुकडा) हीच मोजपट्टी असे. चार मिलिमीटरचा ढालकिडा स्लाइडवर चारच मिलिमीटरचा. पट्टी लावा, वाचा, संपले. डिजिटलमध्ये १:१ चा अर्थ तोच राहिला, वस्तू आणि सेन्सर (फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारी चिप) यांच्यातला. पण सेन्सरवर पट्टी कोण लावणार? आता हिशोब पिक्सेलचा. सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद, फोटो ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे १:१ वर एका मिलिमीटरला सुमारे १६७ पिक्सेल. मावा ३५० पिक्सेल भरला तर तो २.१ मिलिमीटरचा. कॅननची १९९९ सालची ६५ मिलिमीटर लेन्स पाचपट मोठे करते. तेव्हा अख्ख्या चौकटीत फक्त ७.२ मिलिमीटर मावतात आणि तोच ढालकिडा निम्म्याहून जास्त जागा व्यापतो.

हे गणित दोन ठिकाणी घसरते. एक, किडा कॅमेऱ्याला समांतर हवा. ४५ अंशांत तिरका बसला की लांबी तीस टक्क्यांनी कमी भरते. दुसरे, मोजण्याआधी फोटो लहानमोठा करून त्याचे पिक्सेल बदलता कामा नयेत. फोनमध्ये तर गणिताला आधारच उरत नाही. २०२१ च्या आयफोन १३ प्रोपासून दोन सेंटिमीटरवरून फोकस करणारे मॅक्रो खिशात आले, पण जवळ जाताच फोन आपणहून लेन्स बदलतो, आणि पाठवताना फोटो लहान होतो. एक पक्की रीत मात्र फोकसची रिंग असलेल्या कुठल्याही साध्या कॅमेऱ्यावर चालते. लेन्स सर्वांत जवळच्या फोकसवर ठेवून रिंगला हात लावायचा नाही, शरीर पुढेमागे करून किडा स्पष्ट करायचा, आणि त्याच स्थितीत नंतर पट्टीचा एक फोटो घ्यायचा. किडा उडून गेला तरी माप हाती राहते.

राहिला आपला लाडका उपाय, शेजारी रुपया ठेवण्याचा. १९९२ च्या मालिकेतला रुपया २५ मिलिमीटरचा, २०११ चा सुमारे २२ चा, २०१९ चा २० चा. तिन्ही अजून खिशात सापडतात. ठेवायचाच तर साल दिसेल असा ठेवावा. शिवाय नाण्याच्या कडेची उंची आणि पानावरच्या किड्याची उंची एक नसते, हेही मोजताना धरावे लागते.