सराउंड साऊंड कार्डाची पारख

घरच्या संगणकातले ५.१ किंवा ७.१ चॅनेलचे (पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारे) साऊंड कार्ड प्रत्यक्ष वापरात कसे वागते, हे मोजून आणि ऐकून तपासण्याची पद्धत. खोक्यावर छापलेला डेसिबलचा आकडा पुष्कळदा पुढच्या दोन चॅनेलपुरताच असतो. असूसच्या झोनार डीएक्स कार्डात पुढच्या जोडीला सीएस४३९८ ही १२० डेसिबल डायनॅमिक रेंजची (सर्वात मोठा आवाज आणि चिपची स्वतःची खरखर यांतल्या अंतराची) डीएसी, म्हणजे डिजिटल आकड्यांचा अॅनालॉग आवाज करणारी, चिप आहे, तर बाकीच्या सहा चॅनेलना सीएस४३६२ए ही ११४ डेसिबलची. शिवाय चिपचा आकडा म्हणजे कार्डाचा आकडा नव्हे. चिपपुढचे ऑप-अँप (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिप), कपॅसिटर, जॅक आणि संगणकाचा वीजपुरवठा यांतून जाताना त्यातला बराच भाग गळतो. म्हणून कार्ड ज्या संगणकात राहणार आहे त्यातच ते तपासावे, आणि प्रत्येक जोडी वेगळी तपासावी.

कार्ड घेण्याची कारणे काळानुसार बदलली. १९९८ च्या साऊंड ब्लास्टर लाइव्हमधली ईएमयू१०के१ चिप आत सगळे काही ४८ किलोहर्ट्झवरच (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने) चालवी, सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झचा आवाज तिला बदलून घ्यावा लागे आणि त्या बदलात विकृती शिरे. आजही दोन्ही दरांवर चाचणी घेतात ती याच कारणाने. २००४ मध्ये इंटेलचे एचडी ऑडिओ हे मानक आले आणि मदरबोर्डवरच आठ चॅनेल मिळू लागले, तेव्हा केवळ चॅनेलच्या संख्येसाठी कार्ड घेण्यात अर्थ उरला नाही. विंडोज व्हिस्टाने डायरेक्टसाऊंडचे (विंडोजमधल्या आवाजाच्या सोयीचे) हार्डवेअर प्रवेगन, म्हणजे ते काम कार्डावर सोपवणे, बंद केले, त्यामुळे जुन्या गेममधले ईएएक्स हे घुमण्या-प्रतिध्वनीचे परिणाम थेट चालेनासे झाले. तेव्हा कार्डाच्या वैशिष्ट्यांची यादी आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर किती लागू पडते, हे आधी पाहावे.

चॅनेल जागेवर आहेत का

ही तपासणी झाल्याशिवाय पुढचे कोणतेही माप घेऊ नये. रूढ रंगसंकेत असा: पोपटी जॅक पुढच्या जोडीचा, काळा मागच्या, नारिंगी सेंटर व सबवूफरचा, करडा बाजूच्या स्पीकरचा, फिकट निळा लाइन-इनचा, गुलाबी माइकचा. तीनच जॅक असलेल्या मदरबोर्डवर ५.१ निवडले की निळा जॅक मागच्या जोडीला आणि गुलाबी सेंटर-सबला दिला जातो. लाइन-इन मग उरतच नाही.

ड्रायव्हरमधले इक्वलायझर, बास बूस्ट, आभासी सराउंड, आवाज समपातळीत आणणारी सोय, सगळे बंद करावे. मग एकेका चॅनेलवर बोललेला आवाज वाजवावा. सेंटरचे बोलणे सबवूफरमधून घुमत येत असेल तर ते दोन्ही उलटे जोडले गेले आहेत. काही स्पीकर संचांची वायरिंगच तशी असते, आणि ड्रायव्हरमध्ये अदलाबदलीचा पर्याय असेल तर तेवढ्यानेच काम भागते. लिनक्सवर आणखी एक खाच आहे: अल्सा या तिथल्या ध्वनिप्रणालीचा नेहमीचा क्रम पुढची जोडी, मागची जोडी, मग सेंटर-सब असा असतो, तर वेव्ह फाइलमध्ये सेंटर-सब मागच्या जोडीच्या आधी येतात. एखाद्या प्रोग्रामने हा फरक सांभाळला नाही तर संवाद मागून ऐकू येतात. ७.१ रचनेत ५.१ चा चित्रपट लावल्यावर बाजूची किंवा मागची जोडी गप्प राहणे हा मात्र बिघाड नव्हे. तिच्यासाठी फाइलमध्ये काही नसतेच.

लूपबॅक मापन

कार्डाचा आउटपुट त्याच्याच लाइन-इनला आखूड ३.५ मिमी स्टीरिओ केबलने जोडायचा आणि राइटमार्क ऑडिओ अॅनालायझरसारख्या प्रोग्रामने मापे घ्यायची. माइक म्यूट करावा. लाइन-इन ऐकवण्याची सोयही बंद करावी, नाहीतर आवाज गोल फिरत राहतो आणि सगळी मापे फुकट जातात. आउटपुट पूर्ण ठेवून १ किलोहर्ट्झचा सूर वाजवावा आणि रेकॉर्डिंगची पातळी अशी लावावी की शिखर पूर्ण पातळीच्या १ ते ३ डेसिबल खाली राहील. आधी पोपटी, मग काळा, मग नारिंगी जॅक. प्रत्येकी १६ बिट/४४.१, २४ बिट/४८ आणि २४ बिट/९६ वर (आधी एका नमुन्याचे बिट, मग किलोहर्ट्झमधला दर).

आकडे वाचताना घाई नको. लूपबॅकमध्ये आउटपुट आणि इनपुट दोघांची खरखर एकत्र येते. आउटपुट ११० डेसिबलचा आणि इनपुट १०० चा असेल तर माप १०० च्या किंचित खालीच दिसेल, आणि चांगल्या आउटपुटवर विनाकारण ठपका बसेल. १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा ९८ डेसिबल आहे. २४ बिट निवडूनही माप त्याच्या आसपासच अडकले तर वाटेत कुठेतरी १६ बिटांवर कापणी होते आहे का ते पाहावे. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधला डिफॉल्ट फॉरमॅट हा पहिला संशयित.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरा फरक तिथेच दिसतो: त्याच जॅकला स्प्लिटर लावून हेडफोन जोडावा आणि मापे पुन्हा घ्यावीत. आउटपुटला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनवर ५० हर्ट्झलाच आवाज ३ डेसिबल पडतो. अॅम्प्लिफायरच्या १० किलोओहम इनपुटवर मात्र याचा मागमूसही लागत नाही. डाव्या-उजव्या चॅनेलमधली गळतीही भार आला की वाढते.

गुणगुण आणि किरकिर

शांतता रेकॉर्ड करत असताना ग्राफिक्स कार्डावर जड काम लावावे, माउस हलवावा, मोठी फाइल कॉपी करावी. हालचालीबरोबर बदलणारी बारीक शिटी संगणकाच्या आतून येते. कार्ड ग्राफिक्स कार्डापासून दूरच्या स्लॉटमध्ये हलवल्यावर ती पुष्कळदा कमी होते. ५० किंवा ६० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली स्थिर गुणगुण बहुधा अर्थ लूपची (उपकरणे एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने बनणाऱ्या फेऱ्याची) असते. अॅम्प्लिफायरला लागलेल्या इतर केबल एकेक करून काढल्या की दोषी सापडते. ऑप्टिकल केबलमध्ये विजेची जोडणीच नसल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नये. त्यात जिवाला धोका आहे.

डिजिटल आउटपुट

एसपीडीआयएफ या डिजिटल जोडणीतून दोन चॅनेलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा आधीच दाबलेला ५.१ प्रवाह जातो. सहा चॅनेलचा पीसीएम त्यात मावत नाही. म्हणून चित्रपट ५.१ मध्ये वाजतो आणि गेम नुसता स्टीरिओत. गेमसाठी डॉल्बी डिजिटल लाइव्ह किंवा डीटीएस कनेक्ट ही तत्काळ एन्कोडिंगची सोय लागते, आणि तिने आवाज थोडा उशिरा पोचतो. रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अॅम्प्लिफायर) एचडीएमआयने आठ चॅनेल पीसीएम घेत असेल तर त्या जोडणीत वेगळ्या साऊंड कार्डाची गरजच उरत नाही.

श्रवण आणि ड्रायव्हर

दोन कार्डांची तुलना करताना दोघांची पातळी मोजून सारखी करावी. अर्ध्या डेसिबलने मोठे वाजणारे कार्डही कानाला 'स्पष्ट' वाटते. पुढचे स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर आणि सराउंड १०० ते १२० अंशांवर ठेवावेत. अंतरातल्या दर ३४ सेंमी फरकाला सुमारे १ मिलिसेकंदाचा विलंब भरून काढावा.

मोजमापात उत्तम ठरलेली कार्डेही ड्रायव्हरपायी नाकारावी लागतात. ४८ किलोहर्ट्झवर ४८० नमुन्यांचा बफर १० मिलिसेकंद पुरतो. वायफायच्या किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून जास्त वेळ अडवला की बफर रिकामा होतो आणि 'टक' आवाज येतो. तासभर सहाही चॅनेल वाजवत ठेवावेत, मग संगणक झोपवून जागा करावा आणि चॅनेल चाचणी पुन्हा घ्यावी. ५.१ ची रचना स्टीरिओवर घसरलेली असेल किंवा सेंटर मुका झाला असेल तर ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती घालून पाहावी, आणि तरीही तसेच घडले तर परतीची मुदत संपण्याआधी कार्ड परत करावे.